भाच्याला बंदूक घ्यायची आहे

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला चितेगावला आक्काकडे गेलो होतो. ओवाळणं झालं, फराळाच्या ताटल्या उचलल्या गेल्या आणि सुपारी कातरता कातरता भाच्याने आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज जरासा खाली आणून म्हणाला, "मामा, एक विचारायचं होतं. पंप घ्यावा का ऑटोमॅटिक?"

मला वाटलं, विहिरीवरच्या मोटारीचं विचारतोय. शेतकऱ्याच्या घरात पंप म्हटल्यावर दुसरं काय मनात येणार? मी आपला म्हणालो, "ऑटोमॅटिक स्टार्टर बसवून टाक. रात्री-बेरात्री लाइट आली की मोटार आपोआप चालू होते, उठायला नको."

तो हसला. "मोटारीचं नाही मामा. बंदुकीचं विचारतोय."

दाजी भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी डोळे उघडले. आक्का आत जाता जाता उंबऱ्यात थबकली. या प्रश्नाची चर्चा घरात आधी झालेली आहे आणि ती काही गोडीगुलाबीने संपलेली नाही, हे मला त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

भाच्याची बाजू अगदीच पोरकट नव्हती. त्यांची वस्ती गावापासून आत, शेतात आहे. वर्षभरात विहिरीवरची मोटार एकदा गेली, केबल दोनदा गेली. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या एका रात्रीत कुणीतरी गाडीत घालून नेल्या. बिडकीनला औद्योगिक वसाहत उभी राहू लागल्यापासून रस्त्यावर रात्रभर वाहनं असतात, माणसं ओळखीची राहिलेली नाहीत. घरात म्हातारे आईबाप, बायको, दोन लेकरं. "पोलीस येईपर्यंत आम्ही काय करायचं?" हा त्याचा प्रश्न होता आणि त्याला चटकन उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. त्यातच एका लग्नात त्याने कुणा पुढाऱ्याच्या अंगरक्षकाकडे पंप ॲक्शन बंदूक पाहिली. तो खट्‌-खट्‌ आवाज त्याच्या कानात बसला होता. मग कुणीतरी सांगितलं की त्याच्याही पुढची एक असते. तिला हातही लावावा लागत नाही, नुसता चाप ओढत राहायचं.

आता हे मला विचारायचं कारण काय? मी काही शिकारी नाही की फौजी नाही. पस्तीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण आमच्या घराण्यात बंदुकीच्या सर्वांत जवळ गेलेला माणूस मीच, असा भाच्याचा समज आहे. तो निम्मा खरा आहे. २००३ च्या सुमारास मी याच चितेगावात एका बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक होतो आणि शाखेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेतलेला एक पहारेकरी उभा असे. आणि नेमका हाच प्रश्न तेव्हा मलाही कागदावर विचारला गेला होता.

चितेगाव तेव्हा वेगळं होतं. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणच्या रस्त्याला लागलं की नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागे टाकून वीसेक किलोमीटरवर हे गाव. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे त्याचं नाव महाराष्ट्रभर झालेलं. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पण त्या काळी पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. आजूबाजूला लहानमोठे कारखाने, त्यांचे कंत्राटदार, कंत्राटदारांचे मजूर. महिन्याच्या सात ते दहा तारखेपर्यंत आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसे. एटीएमचा सुळसुळाट झालेला नव्हता; पगार म्हणजे रोख, आणि रोख म्हणजे आमची तिजोरी.

त्या तिजोरीचा राखणदार म्हणजे आमचे हवालदार. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला, पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांच्याकडे बँकेची दुनळी होती, आमच्यातल्या निम्म्या कारकुनांपेक्षा वयाने मोठी. सकाळी आल्यावर ते ती बिजागरीवर मोडायचे, उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून पाहायचे, खिशातून दोन काडतुसं काढून आत सारायचे आणि खट्‌दिशी बंद करायचे. संध्याकाळी हेच उलट. रोकड तिजोरीत गेली की पहिलं काम बंदूक मोडून काडतुसं तपासायची. मी एकदा गमतीने म्हणालो, "हवालदार, रोज काय पाहता त्यात?" ते म्हणाले, "साहेब, भरलेली आहे का रिकामी, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात ती काठीपेक्षा वाईट."

याच हवालदारांनी माझी एक जाहीर फजितीही केली होती. एका दिवाळी अंकात माझी दीर्घकथा आली होती. तीत नायक दुनळीतून एका दमात चार बार काढतो. हवालदारांनी कथा वाचली आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष अगदी आदबीने विचारलं, "साहेब, मधली दोन काडतुसं त्याने कधी भरली?"

तर त्या साली क्षेत्रीय कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या दुनळ्या टप्प्याटप्प्याने बदलायच्या आहेत, शाखेची गरज लक्षात घेऊन अभिप्राय कळवावा. आयुष्यात पहिल्यांदाच मला कर्जाच्या थकबाकीखेरीज दुसऱ्या कशावर तरी अभिप्राय मागितला गेला होता. मी हुरळलो. शहरातल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात जाऊन बसलो आणि सगळी माहिती करून घेतली.

ती माहिती भाच्याला सांगितली तशीच इथेही सांगतो, कारण पुष्कळांच्या मनात या बाबतीत गोंधळ असतो. बारा बोअर म्हणजे बारा गोळ्या झाडणारी बंदूक नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. आजच्या मापात सुमारे साडेअठरा मिलिमीटर. नळीला आतून आटे नसतात, ती गुळगुळीत असते. काडतुसात एक गोळी नसून छर्रे भरलेले असतात आणि नळीतून बाहेर पडल्यावर ते पसरत जातात. ही काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १८६९ सालचा.

दुनळीत दोनच काडतुसं. ती उडाली की बंदूक मोडायची, रिकामी काढायची, नवी भरायची. पंप ॲक्शनमध्ये नळी एकच, पण तिच्या पोटाखाली दुसरी एक नळी असते आणि तीत काडतुसं एकामागे एक ओळीने बसतात. पुढचा हात ज्या मुठीवर असतो ती मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, पुढे ढकलली की नवं नळीत चढतं. आपल्या गावच्या हापशाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. हापसा हाणल्याशिवाय पाणी नाही, मूठ ओढल्याशिवाय दुसरा बार नाही. अर्धस्वयंचलित, म्हणजे लोक ज्याला नुसतं ऑटोमॅटिक म्हणतात, त्या बंदुकीत हे काम माणसाला करावं लागत नाही. पहिल्या बाराच्या धक्क्याने किंवा त्याच्या वायूच्या दाबाने यंत्रणा आपली आपण मागे जाते, रिकामं फेकते, नवं घेते. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढायचा.

गंमत म्हणजे या दोन्ही बंदुका एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या असं म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत उटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला जॉन मोझेस ब्राउनिंग. बाप बंदुकांचा कारागीर. विंचेस्टर कंपनीने १८९७ साली बाजारात आणलेली, खूप खपलेली पंप बंदूक त्याचीच. त्यानंतर त्याने धक्क्यावर आपोआप भरणारी बंदूक तयार केली आणि विंचेस्टरकडे नेली. आजवर कंपनी त्याच्याकडून एकरकमी किंमत देऊन हक्क घ्यायची. या वेळी तो अडला. प्रत्येक बंदुकीमागे मानधन हवं म्हणाला. कंपनीने नकार दिला. तो दुसऱ्या कंपनीकडे, रेमिंग्टनकडे गेला. १९०२ च्या जानेवारीत अध्यक्षांच्या भेटीची वेळ ठरली, ब्राउनिंग बाहेर बसून होता, आणि आत अध्यक्ष हृदयविकाराने वारले. शेवटी तो बोटीने बेल्जियमला गेला आणि तिथल्या कारखान्यात ती बंदूक निघाली. पुढे जवळजवळ शतकभर तिचं उत्पादन चालू होतं. मानधनासाठी असा अडून बसलेला माणूस पाहिला की माझ्यासारख्या मराठी लेखकाला त्याच्याविषयी आदरच वाटतो.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी तीच विंचेस्टरची पंप बंदूक खंदकात नेली. अरुंद खंदकात तिचा मारा इतका भयंकर होता, की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने राजनैतिक मार्गाने निषेध नोंदवला आणि अशा बंदुकीसह सापडलेल्या सैनिकाला मृत्युदंड देण्याची धमकी दिली. विषारी वायू सोडणाऱ्यांनी छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी हा विनोदच. अमेरिकेने ती मानली नाही.

गुणदोष दोन्हींत आहेत. अर्धस्वयंचलित बंदूक जलद आणि खांद्याला धक्काही कमी देते. पण तिला काडतूस पुरेशा ताकदीचं लागतं, साफसफाईही नेमाने लागते. नाहीतर रुसून बसते. पंपाला काडतुसाच्या ताकदीचं सोयरसुतक नाही, कारण ताकद माणसाच्या हाताची. पण घाबरलेला माणूस मूठ अर्धीच ओढतो आणि काडतूस मध्येच अडकतं. दुनळीत अडकण्यासारखं काही नसतं, आणि ती मोडून ठेवली की दहा फुटांवरून लहान मुलालाही कळतं, ती आता वाजणार नाही.

एवढं सगळं ऐकून मी काय केलं? अभिप्रायात ठणकावून लिहिलं की पगाराच्या दिवसांतली गर्दी पाहता शाखेला अर्धस्वयंचलित बंदूकच द्यावी. भाषा तर अशी वापरली की जणू मी सरहद्दीवरच्या चौकीतून लिहितोय.

उलट टपाली दोन ओळींचं उत्तर आलं. क्षेत्रीय कार्यालयातले सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले होते. त्यांनी कळवलं की अर्धस्वयंचलित लांब बंदूक शस्त्र नियमांच्या निर्बंधित वर्गात येते, तिचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्र सरकारच्या गृहमंत्रालयाचा विषय आहे. आपल्या शाखेसाठी पंप ॲक्शनचा विचार केला जाईल. म्हणजे ज्या दोहोंत निवड करायला मी दुकानात तासन्‌तास बसलो होतो, त्यातली एक माझ्यासाठी नव्हतीच.

पंप यायला चार-पाच महिने लागणार होते. मधल्या काळात जे घडलं ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

दहा तारीख होती. दोन वाजून गेले होते, व्यवहार संपले होते, दर्शनी शटर अर्ध्यावर ओढलं होतं. रोखपाल रोकड आवरून आत नेत होता. हवालदार त्यांच्या नेमाप्रमाणे बंदूक मोडून हातावर घेऊन उभे होते. एवढ्यात शटरखालून वाकून एक पोरगा आत घुसला आणि सरळ रोखपालाच्या पिंजऱ्याकडे धावत सुटला. त्याचा एक हात शर्टाच्या आत होता. आमचा दफ्तरी ओरडला, "अरे धरा! लुटायला आले!"

मी केबिनमधून बाहेर आलो. मी काय पाहिलं, मला आठवत नाही. मी काय बोललो ते मात्र स्पष्ट आठवतं. मी ओरडलो, "हवालदार, चालवा!"

बंदूक बंद झाल्याचा खट्‌ आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि मग काहीच झालं नाही. पोराचा हात शर्टातून बाहेर आला होता. त्या हातात पासबुक होतं आणि पैसे काढायची स्लिप होती, घामाने भिजलेली. एका कंत्राटदाराकडचा मजूर. वय अठरा-एकोणीस. आईला घाटीत दाखल केलं होतं आणि दोनच्या आत पोचायला म्हणून तो रस्त्याने पळत आला होता. तिजोरीकडे चाललेली रोकड आम्ही परत मागे आणली. त्याने अठराशे रुपये काढले, दोन वेळा मोजले आणि आला तसाच पळत गेला. आपल्यासाठी काय हुकूम सुटला होता, हे त्याला समजलंही नसावं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी हवालदारांना चहाला बसवलं. काय बोलावं सुचत नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "साहेब, तुम्ही चालवा म्हणालात तेव्हा ती मोडलेली होती. ती बंद करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याचा हात बाहेर आला."

मी विचारलं, "आणि भरून तयार असती तर?"

मला वाटलं, ते म्हणतील की तरीही मी चालवली नसती. कादंबरीत मी त्यांच्या तोंडी तेच वाक्य घातलं असतं. ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सांगता येत नाही साहेब. आम्हांला हुकूम ऐकायची सवय असते."

यथावकाश पंप ॲक्शन आली. काळी, देखणी. शाखेतली सगळी मंडळी पाहायला जमली. हवालदारांनी खालच्या नळीत काडतुसं भरली, पण वरच्या नळीत एकही चढवलं नाही. ती मूठ त्यांनी शाखेत एकदाही ओढली नाही. नळी रिकामी ठेवायची, गरज पडलीच तर तेव्हा ओढायची, असा त्यांचा नियम. मी कारण विचारलं नाही. मला ते माहीत होतं. दुनळी मोडून ठेवण्यात जो एक श्वास त्यांना मिळत होता, तो त्यांनी नव्या बंदुकीतही राखून ठेवला होता.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. शेवटचा भाग सांगताना आक्का उंबऱ्यात येऊन बसली होती. मग त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी क्रमाने दिलं.

पहिलं कायद्याचं. १९५९ चा शस्त्र अधिनियम १८७८ च्या इंग्रजी कायद्याच्या जागी आला आणि १९६२ पासून लागू झाला. या कायद्यात साध्या नागरिकासाठी म्हणून जी बंदूक गृहीत धरलेली आहे ती म्हणजे वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी. आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची. दुनळी आणि पंप या चौकटीत बसतात. अर्धस्वयंचलित बसत नाही. २०१६ च्या नव्या नियमांतही ती निर्बंधितच आहे. तेव्हा त्याच्यासाठी 'पंप का ऑटोमॅटिक' हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो 'पंप का दुनळी' आणि त्याच्याही आधी 'बंदूक का नको' हा.

परवाना म्हणजे रेशनकार्ड नव्हे. पोलिसांचा अहवाल लागतो, शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, ते कुठे व कसं सुरक्षित ठेवणार याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. आणि लग्नात, मिरवणुकीत आनंदाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. "ते लग्नातलं डोक्यातून काढ," मी त्याला म्हणालो.

दुसरं, कुणावर चालवणार? भाच्याचं दुखणं मोटार आणि केबल. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, जिवाला किंवा गंभीर दुखापतीची भीती वाटावी अशी चोरी, अशा प्रसंगी तो हक्क फार पुढपर्यंत जातो. पण नुसती चोरी करून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घालण्याइतका तो जात नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. केबल चोरणारा पोरगा पळत असताना मेला, तर केबलवाला फिर्यादी राहत नाही, आरोपी होतो. रानडुकराचं आणि रोह्याचंही तेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारणं गुन्हा आहे, मग उभं पीक डोळ्यांसमोर लोळवलेलं असो.

तिसरी गोष्ट मी जरा अडखळतच बोललो, कारण दाजी समोर होते. आपल्या मराठवाड्यात वर्षं वाईट येतात. बँकेत कर्जाच्या फायली हाताळताना मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे कर्ता माणूस चार महिने हळूहळू गप्प होत जातो आणि घरच्यांना वाटतं, दमला असेल. अशी रात्र कुणाच्याही घरावर येऊ शकते. त्या रात्री माणसाला थोडा वेळ मिळाला, कुणी हाक मारली, कुणी जवळ येऊन बसलं, तर सकाळ होते. भरलेली बंदूक हा वेळ देत नाही. चोराच्या भीतीने आणलेली वस्तू चोरासाठी वर्षातून एखाद्या वेळी लागेल किंवा लागणारही नाही; घरातल्या माणसांजवळ मात्र ती रोज असते. लेकरांचा हात लागेल हे तर वेगळं सांगायलाच नको.

एवढ्यावर आक्का पहिल्यांदा बोलली. मोठ्या बहिणीच्या आवाजात नाही, साधंच. "आणि रात्री दार वाजलं, अन्‌ बाहेर आपलंच माणूस असलं तर रे?"

भाचा गप्प झाला. मला पासबुक धरलेला तो हात आठवला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "म्हणजे घेऊच नको म्हणता?"

मी तसं म्हणालो नाही. वस्तीवर राहणाऱ्या माणसाला शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर बसून "भिऊ नकोस" म्हणणं सोपं असतं. मी म्हणालो, आधी विहिरीवर आणि अंगणात चांगले दिवे लाव. केबल जमिनीत गाड. कुत्रं पाळ. शेजारच्या चार वस्त्यांचे फोन एकमेकांकडे ठेवा, रात्री एकाची शिट्टी वाजली की चौघांनी दिवे लावायचे. ११२ नंबर आक्कालाही पाठ असू दे. एवढं करून सहा महिन्यांनी झोप येत नसेल, तर अर्ज कर. आणि तेव्हाही दुनळी घे. पंपच पाहिजे असेल तर पंप घे, पण जलद आहे म्हणून नव्हे. नळी रिकामी ठेवता येते आणि मूठ ओढेपर्यंत विचार करता येतो म्हणून. काडतुसं वेगळ्या कुलपात, बंदूक वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या एकाच माणसाकडे नाहीत. ज्या दिवशी ऑटोमॅटिक नाही याचं वाईट वाटेल, त्या दिवशी बंदूकच घेऊ नकोस.

परवा आक्काचा फोन आला होता. विहिरीवर आता मोठा दिवा आहे, उजेड पार रस्त्यापर्यंत जातो म्हणाली. कुत्र्याचं पिल्लूही आणलंय, पण ते चोराला काय भुंकणार, रात्रभर लेकरांच्या पांघरुणात झोपतं.

"अन्‌ बंदूक?" मी विचारलं.

"अर्ज आणलाय त्याने. भरतोय," ती म्हणाली. "सगळा भरलाय. ती कुठे ठेवणार, तेवढं लिहायचं राहिलंय. सुनेला विचारतो; ती म्हणते, माझ्या घरात जागा नाही."